टाकण्याचा धर्म

भारतीय धर्मपरंपरांनी वस्तू घेण्याचा आणि देण्याचा विचार बारकाईने केला आहे. काय घ्यावे, कोणाकडून घ्यावे, किती साठवावे, दान कोणाला आणि कोणत्या वेळी द्यावे, यावर ग्रंथ आणि टीकाग्रंथ आहेत. वस्तू टाकण्याविषयी मात्र गृहस्थाला फारसे सांगितलेले नाही. हातातून सुटलेल्या वस्तूशी असलेले नाते तिथेच संपते, असे बहुधा गृहीत धरले गेले. प्लास्टिकने हे गृहीतक मोडले. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली किंवा उदबत्तीच्या पुड्यावरचे पातळ वेष्टन वापरणाऱ्याच्या हाती काही मिनिटे किंवा काही दिवस असते आणि नंतर त्याच्या आयुष्याहून अधिक काळ जगात राहते. टाकलेल्या वस्तूची जबाबदारी टाकणाऱ्यावर कुठवर राहते, हा प्रश्न म्हणूनच आज टाळता येत नाही. रोजच्या वापरातले प्लास्टिक कमी करण्याच्या चर्चेत सोय, खर्च आणि दंड यांच्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. या नीतीच्या प्रश्नाबद्दल त्या मानाने फारच कमी.

जुन्या व्यवस्थेत टाकण्याचा भार निसर्ग उचलत असे. गावजेवणातली पत्रावळ पाहिली तर हे स्पष्ट होते. पळसाची रुंद पाने तोडून, सुकवून ठेवायची. कार्य जवळ आले की ती पाण्याने मऊ करून, मधे मोठे पान आणि कडेने बाकीची अशी बारीक काड्यांनी टाचत पत्रावळी लावायच्या. हे काम बायका आणि म्हातारी माणसे गप्पा मारता मारता करीत. जेवणे उरकली की उष्ट्यासकट पत्रावळी उकिरड्यावर जात. खरकटे गुरे आणि कुत्री खात, पाने शेणाबरोबर कुजत आणि पावसाळ्याच्या तोंडावर तेच खत शेतात पडे. जे कुजण्यासारखे नव्हते ते सहसा टाकले जात नसे, शुद्ध करून पुन्हा वापरले जाई. धर्मशास्त्रातले द्रव्यशुद्धीचे प्रकरण याच समजुतीवर उभे आहे. धातूचे भांडे राखेने आणि आंबट पदार्थाने घासून, मातीचे पुन्हा भाजून, वस्त्र पाण्याने धुऊन शुद्ध होते. वस्तू अशुद्ध झाली तर ती शुद्ध कशी करावी, हाच प्रश्न तिथे मुख्यतः विचारलेला दिसतो. एकदा वापरून फेकण्यासाठीच टिकाऊ वस्तू बनवावी, ही कल्पना त्या ग्रंथकारांच्या मनातही आली नसावी.

यावरून पूर्वज फार निसर्गनिष्ठ होते असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त किंवा विष टाकू नये असा निषेध आहे. लोक तसे करीत होते, म्हणूनच तो करावा लागला. त्यांच्या टाकण्यात आजच्यापेक्षा अधिक विवेक होता असे नाही. त्यांच्या वस्तूच नाशवंत होत्या. पान, माती, कापूस, लाकूड यांनी माणसाचा निष्काळजीपणा पोटात घातला. त्यामुळे टाकण्याची नीती घडवण्याची निकड गृहस्थाला कधी भासली नाही.

प्लास्टिक पोटात घेणारे निसर्गात जवळपास कोणी नाही. बेकलाइट हे पहिले पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक १९०७ मध्ये तयार झाले आणि पिशव्यांचे पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघातानेच हाती लागले. कार्बनच्या लांबच लांब साखळ्यांनी बनलेला हा पदार्थ जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि लाकूड किंवा पान कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तो तोडण्याची सवय नाही. उन्हाने तो ठिसूळ होतो, त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. पण तो मातीत मिसळून माती होत नाही. पाच मिलिमीटरांहून लहान अशा कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. समुद्राच्या गाळापासून माणसाच्या रक्तापर्यंत ते सापडले आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनले. त्यातल्या सुमारे ६३० कोटी टनांचा तोवर कचरा झाला होता आणि त्या कचऱ्यापैकी पुनर्वापरासाठी प्रक्रिया झाली ती केवळ ९ टक्क्यांवर. १२ टक्के जाळला गेला. उरलेला सारा कचराभूमीत, मातीत, नद्यांत आणि समुद्रात आहे.

धर्माचरणातच हे प्लास्टिक किती सहज शिरले, हे पाहणे क्लेशदायक आहे. पूजासाहित्याच्या दुकानात हळद, कुंकू, बुक्का, अष्टगंध, कापूर, गेजवस्त्रे यांची प्रत्येकाची वेगळी प्लास्टिकची पुडी असते आणि त्या सगळ्या पुड्या पुन्हा एका पिशवीत बांधून मिळतात. दाराला आंब्याच्या पानांऐवजी प्लास्टिकचे तोरण लागते, आणि ते वर्षभर टिकते हा त्याचा गुण मानला जातो. निर्माल्याचे तर विचारूच नये. फुले आणि बेलपत्रे पायदळी पडू नयेत म्हणून ती वाहत्या पाण्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ठेवण्याची रीत होती. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत भरली जातात. गाडी पुलावर क्षणभर थांबते, गाठ मारलेली पिशवी कठड्यावरून नदीत पडते, हात जोडले जातात आणि गाडी पुढे निघते. गाठीमुळे आतल्या फुलांना ना मोकळे पाणी मिळते ना हवा. चार दिवसांत विरून गेली असती ती फुले पिशवीतच सडतात. श्रद्धेची कृती बाहेरून जशीच्या तशी राहिली आणि तिचा आशय नेमका उलटा झाला. अनेक शहरांत पालिकांना पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या लावाव्या लागल्या आणि घाटांवर निर्माल्य कलश ठेवावे लागले, ते यामुळेच.

गायीच्या बाबतीत ही विसंगती आणखी तीव्र होते. स्वयंपाकातला पहिला घास गायीला काढून ठेवण्याची चाल अनेक घरांत अजून आहे. त्याच घरांतले उरलेले अन्न मात्र पिशवीत गाठ मारून कोपऱ्यावरच्या कचऱ्यात पडते. गायीला गाठ सोडता येत नाही. आतल्या भाताच्या, भाजीच्या वासाने ती पिशवीसकट गिळते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातून ही पिशवी पुढे सरकत नाही की तोंडात परतही येत नाही. एकीत एक गुंतत पिशव्यांचा गोळा वाढत जातो, पोट भरलेले वाटते आणि जनावर खंगत जाते. अशा गायींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांनी एकेका पोटातून कित्येक किलो प्लास्टिक काढले आहे. गोग्रास देणारा हात आणि पिशवीला गाठ मारणारा हात एकच असतो. यातल्या दुसऱ्या कृतीला कोणी हिंसा म्हणत नाही, कारण मारण्याचा हेतू नसतो आणि मरण डोळ्यांसमोर घडत नाही.

हेतू नसताना आणि डोळ्यांआड घडणाऱ्या हिंसेचा सर्वांत काटेकोर विचार जैन परंपरेत झाला आहे. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावधपणाच्या पाच नियमांपैकी, पाचवी उत्सर्ग समिती पूर्णपणे टाकण्याविषयी आहे. मल, मूत्र, कफ किंवा निरुपयोगी झालेली वस्तू टाकण्याआधी जागा नीट पाहावी, तिथे जीवजंतू नाहीत याची खात्री करावी आणि मगच टाकावे. तिच्या आधीची चौथी समिती वस्तू उचलण्या-ठेवण्याची आहे. चालणे, बोलणे आणि भिक्षा घेणे यांच्या बरोबरीने टाकणे हीदेखील अहिंसेच्या कसोटीला लागणारी कृती आहे, हे इथे निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. याला जोड मिळते ती कृत, कारित आणि अनुमोदित या भेदाची. हिंसा स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली किंवा तिला संमती दिली, तिन्ही प्रकारांत कर्माचा बंध होतो. पिशवी स्वतः नदीत न टाकणारा पण दुकानदाराकडे ती हक्काने मागणारा माणूस या विश्लेषणातून सुटत नाही.

जैन श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थासाठी, भोगोपभोगपरिमाण नावाचे व्रत आहे. एकदाच वापरून संपणाऱ्या अन्नासारख्या वस्तू आणि पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्त्रासारख्या वस्तू अशी विभागणी करून दोन्हींवर स्वतःहून मर्यादा घालायची. ही विभागणी करणाऱ्यांच्या जगात एकदाच वापरायच्या वस्तू आपोआप नाशवंत असत. प्लास्टिकचा चमचा हा या चौकटीला बसलेला मोठा धक्का आहे, कारण शतकानुशतके टिकणारे द्रव्य त्यात एका घासापुरते वापरले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातले सर्वाधिक जैन महाराष्ट्रात आहेत. उपवासाची, रात्रिभोजनत्यागाची व्रते जिथे इतक्या निष्ठेने पाळली जातात तिथे या व्रताचा विस्तार प्लास्टिकपर्यंत होणे परंपरेला धरूनच होईल.

बौद्ध विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धांचे शिष्य आनंद स्थविर यांना पाचशे वस्त्रे दिली. श्रमणाला इतकी वस्त्रे कशाला, असा राजाला संशय आला. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्षूंना ही वाटायची. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. पुढे त्यांची जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी, आणि अगदी चिंध्या झाल्यावर त्या मातीत कालवून भिंती-जमिनी लिंपायच्या. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. राजाने एकामागून एक प्रश्न विचारले ते प्रत्येक वस्तूच्या शेवटापर्यंत जाण्यासाठी, आणि आनंदांकडे प्रत्येक टप्प्याचे उत्तर तयार होते. घरात आलेल्या प्रत्येक प्लास्टिकच्या वस्तूला हीच प्रश्नमाला लावली, तर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नालाच उत्तर संपते.

इतर धर्मांतही हा धागा आहे. इस्लाममध्ये उधळपट्टी निषिद्ध आहे आणि वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्लास्टिकचा वापर टाळण्यासारख्या रोजच्या लहान कृतींना श्रद्धेच्या आचरणात स्थान दिले आहे. तरीही वस्तूच्या अंतापर्यंत जाणारी शिस्त भारतात तपशिलाने घडली ती श्रमणांसाठी, मठात आणि विहारात. आजच्या गृहस्थाच्या हाती जे द्रव्य आले आहे ते मुनीच्या सावधपणाने हाताळावे लागते, आणि त्या सावधपणाचे संस्कार मात्र गृहस्थाला कधी झालेच नाहीत. प्लास्टिकच्या प्रश्नातली खरी अडचण इथे आहे.

संस्कार झाले ते शुचितेचे, आणि त्यांचा या प्रश्नाशी असलेला संबंध अप्रिय आहे. घर स्वच्छ ठेवायचे म्हणजे अस्वच्छ ते उंबऱ्याबाहेर काढायचे. बाहेर गेल्यावर ते कोणाच्या वाट्याला येते, हे जातिव्यवस्थेने ठरवून टाकले होते. मेलेली जनावरे ओढणे, मैला वाहणे, गावाचे उष्टे उचलणे ही कामे ठरावीक जातींवर लादली गेली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळेपाके तुकडे आणि मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच अपमान होता. आजही शहरातला सुका कचरा हातांनी निवडणाऱ्यांत दलित स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने या श्रमाला कामगाराचा दर्जा मिळावा म्हणून लढा दिला. गाठ मारून टाकलेली पिशवी या स्त्रियांना उघडावी लागते; आत भाताबरोबर फुटलेली काच, वापरलेले ब्लेड, डायपर काहीही असते. बाटली आणि जाड डबा भंगारात विकला जातो. वेफरच्या पुड्याचे चकचकीत वेष्टन मात्र अनेक पदर चिकटवून बनते. ते भंगारवाला घेत नाही, म्हणून ते उचलण्याची मजुरीही निघत नाही. वापरणाऱ्याला निर्लेप आणि शुद्ध वाटणारी पॅकबंद वस्तू अशी दुसऱ्याच्या हातांवर आपली सगळी अशुद्धता सोडून देते.

यावर मराठी संतपरंपरेचे उत्तर सरळ आहे आणि ते आचरणातून दिलेले आहे. धर्मराजाच्या यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) ती जगून दाखवली. गावात आल्यावर ते आधी खराटा हाती घेत, रस्ते-गटारे झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्याजवळची वस्तू म्हणावी तर एक मडके. त्यांच्या नावाने स्वच्छतेची अभियाने चालतात हे योग्यच आहे. पण मडक्याची आठवण खराट्याइतकी होत नाही.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. कोट्यवधी टनांच्या ढिगात एका माणसाच्या एका पिशवीने काय बिघडते? ती वगळली तरी नदी स्वच्छ होत नाही आणि टाकली तरी नदी आणखी बिघडल्याचे मोजता येत नाही. जे परिणाम घडवत नाही ते पाप कसे? ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात या युक्तिवादाची चूक दाखवली. एखादी कृती एकटीने जाणवण्याजोगी हानी करीत नसली, तरी ती ज्या कृतिसमूहाचा भाग आहे तो समूह हानी करीत असेल तर ती कृती त्याच कारणाने अयोग्य ठरू शकते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा विचार वेगळ्या बाजूने याच ठिकाणी येतो. थोर माणूस जे करतो त्याचे इतर अनुकरण करतात, म्हणून त्याने स्वतःची गरज नसली तरी योग्य कर्म करावे. कापडी पिशवी घेऊन मंडईत जाणारी बाई आपल्या वाट्याची पिशवी वाचवते हे थोडे. पिशवी न मागणे ही रीत आहे हे ती शेजारच्या चौघींना दाखवते, हे महत्त्वाचे.

कापडी पिशवीचाही मोह होऊ शकतो. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ हवामानावरचा परिणाम मोजला तरी साध्या सुती पिशवीचा वापर सुमारे ५२ वेळा झाल्याशिवाय ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येत नाही असे दिसले. पाणी, खते आणि इतर सर्व परिणाम धरले तर हा आकडा हजारोंत जातो. त्या हिशेबात रस्त्यावर आणि नदीत पडणाऱ्या कचऱ्याचे नुकसान धरलेले नाही, हे लक्षात ठेवले तरी इशारा खरा आहे. प्रत्येक समारंभात वाटली जाणारी, कपाटात साठत जाणारी नवी सुती पिशवी हा परिग्रहच आहे. जुन्या साडीची, धोतराची शिवलेली पिशवी वापरण्यात जे आहे ते नव्या ‘पर्यावरणपूरक’ खरेदीत नाही. एका द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य आणून प्रश्न सुटत नाही, घेणे कमी व्हावे लागते. अपरिग्रहाचा अर्थ याहून वेगळा नाही.

सर्वांवर हा नियम सारखाच लादणे मात्र अधर्म ठरेल. रक्ताची पिशवी, सलाईन, सिरिंज यांनी प्राण वाचवले आहेत आणि तिथे प्लास्टिकला तोडीस तोड पर्याय क्वचितच आहे. एक-दोन रुपयांची शाम्पूची पुडी घेणाऱ्या मजुराला मोठी बाटली परवडत नाही. त्याची कमाई रोजची आहे म्हणून खरेदीही रोजची आहे. ती पुडी बाजारात आणणाऱ्याने तिच्या शेवटाचा विचार केला नाही, हा दोष मजुराचा नाही. आपद्धर्म आणि नित्यधर्म यांत शास्त्राने फरक केला आहे, तो इथे लागू पडतो. ज्याला सोय सोडून चालते त्याने ती सोडावी, आणि ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही नाही त्याच्याकडून त्याग मागू नये.

राज्याने यातला आपला वाटा काही अंशी उचलला आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे पिशव्यांनी तुंबल्यावर महाराष्ट्रात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती पुष्कळ विस्तारली, आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट अशा एकदा वापरायच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान पन्नास पैसे अनामत ठेवून ती परत घेण्याची तरतूद होती. कल्पना उत्तम होती, पण घरोघरी ती रुजली नाही. वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकावरच ते गोळा करण्याची जबाबदारी टाकणारे नियम २०२२ मध्ये सविस्तर झाले. कारित कर्माचा दोष ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे कायदा त्यामुळे पहिल्यांदा गंभीरपणे वळला.

आधीच टाकून झालेल्या प्लास्टिकचा विचार उरतो. जुन्या व्यवहारशास्त्रात बापाचे कर्ज मुलाने फेडावे असा नियम आहे, आणि दारू किंवा जुगार यांसाठी काढलेले कर्ज असेल तर मुलगा त्यातून मुक्त, अशी सूटही आहे. चैनीपायी केलेल्या ऋणाचा भार निरपराध पिढीवर जाऊ नये, ही त्यामागची न्यायबुद्धी. प्लास्टिकच्या बाबतीत ही सूट देता येत नाही. दहा मिनिटांच्या सोयीसाठी वापरलेल्या पिशवीचे तुकडे पुढच्या पिढीच्या मातीत आणि पाण्यात असणारच, तिने ते ऋण मान्य केले असो वा नसो.

प्रायश्चित्ताच्या विचारातही अशीच अडचण येते. चोरीचे प्रायश्चित्त घेण्यापूर्वी चोरलेली वस्तू परत करावी, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. नुकसान भरून न देता केलेले व्रत पुरेसे नाही. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने शेकडो नागरिक प्लास्टिक उचलत राहिले, ते या अर्थाने प्रायश्चित्तच होते, आणि त्यात स्वतः न टाकलेले उचलणारेही होते. पण हाताने उचलता येते तोवरच ते शक्य असते. बाटली, पिशवी, दोरी, चपलेचा तळ परत काढता येतो. पाच मिलिमीटरांखालचे कण वाळूतून वेगळे काढण्याचा व्यवहार्य मार्ग आजतरी हाती नाही, आणि तेवढ्या भागापुरते या दोषाला प्रायश्चित्त सांगता येत नाही.